पेटीच्या भात्याचा कोपरा

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचा खेळ उभा राहतो आणि झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम लागतो. नाटकमंडळ्यांकडे आता विजेवर वाजणारी वाद्ये आली आहेत. तरी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला, तुकडोजी महाराजांच्या भजनांना आणि कार्तिकातल्या काकड्याला गावात अजून हातपेटीच लागते. पावसाळाभर कापडात गुंडाळून ठेवलेली ही पेटी बाहेर काढली की पेटीमास्तर आधी सूर तपासत नाही. तो आधी भाता ओढून बघतो, कारण भाता हवा धरत नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ.

पेटीतले सूर पितळेचे, चौकट लाकडाची, आणि भाता मात्र पुठ्ठा, कापड, कातडे नि सरस यांचा. सगळ्यांत तकलादू माल सगळ्यांत कष्टाच्या जागी. पेटीची तारीफ करताना लोक सुरांची करतात, मला मात्र पेटीतली सगळ्यांत हुशार वस्तू भाता वाटते. ताणला न जाणारा सपाट माल घ्यायचा, त्याला घड्या घालायच्या आणि त्यातून उघडमीट करणारी, हवा न सोडणारी पोकळी बनवायची, हे सोपे काम नाही. ते कसे साधते ते सावकाशीने पाहू.

भाता ही वस्तू भंडाऱ्याला नवी नाही. या शहराची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची. पितळ वितळवायचे तर भट्टीला वारा हवा, आणि आजच्यासारखे विजेचे पंखे नव्हते तेव्हा तो वारा कातड्याच्या भात्यातून येई. त्या भात्यात घड्यांचे गणित फारसे नसते. कातडे सगळीकडून मऊ असते. दाबले की चुरगळते, ओढले की फुगते. पण त्यात एक उणीव आहे. दाब दिला की आधी कातड्याच्या भिंती बाहेर फुगतात आणि हाताच्या जोरातला काही भाग त्यातच जातो. भट्टीला ते चालते, गाण्याला चालत नाही.

हार्मोनियमचा उगम युरोपातला. अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये या वाद्याला हे नाव दिले. ते टेबलाएवढे, पायाने हवा भरायचे वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला आपल्याकडच्या बैठकीत बसवले. भाता मागे आणला, हाताने चालेल असा केला, आणि पेटी जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगी झाली. पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले. गावच्या भजनी मंडळांना त्याने काडीचा फरक पडला नाही.

हातपेटीत भाते दोन असतात. मागचा भाता आपल्याला दिसतो, तो डाव्या हाताने चालतो. दुसरा पेटीच्या पोटात असतो. मागच्या भात्याच्या फळीला भोके असतात आणि त्यांवर आतून कातड्याची झडप. भाता उघडला की बाहेरची हवा झडप उचलून आत येते. मिटला की झडप भोकांवर बसते आणि हवा दुसऱ्या झडपेतून पोटातल्या भात्यात जाते. त्या भात्याला स्प्रिंगचा रेटा असतो, म्हणून आपला हात थांबत-थांबत चालला तरी सुरांकडे जाणारी हवा एकसारखी राहते. स्वराची पट्टी दाबली की त्या सुराचे छिद्र उघडते, हवा पितळेच्या पात्याजवळून निघते आणि पाते थरथरते.

मागचा भाता किती हवा आत घेतो याचा अंदाज काढता येतो. समजा तो ५० सेंमी लांब आणि २४ सेंमी उंच आहे, त्याची खालची कड बिजागरीसारखी जोडलेली आहे आणि वरची कड १५ सेंमी उघडली. पोकळी पाचरीच्या आकाराची झाली, म्हणून ५० × २४ × १५ चे निम्मे करायचे. उत्तर येते ९,००० घन सेंमी, म्हणजे ९ लिटर. ही हवा एका ओढीत आत यायची आणि दाबताना झडपेखेरीज कुठूनही निसटता कामा नये.

आता घड्यांकडे येऊ. कागदाला एकाआड एक उलटसुलट घड्या घातल्या की तो लांबतो नि आखडतो, हे शाळेतले पोरही करते. वर आलेल्या घडीला डोंगरघडी म्हणू, खाली गेलेलीला दरीघडी. लुगड्याच्या निऱ्या हा याच जातीचा प्रकार. पण निऱ्या एकाच दिशेने मोकळ्या होतात आणि त्यांच्या दोन्ही कडा सुट्या असतात. भात्याला हे चालत नाही, त्याला चारही बाजूंनी बंद व्हायचे असते. एका भिंतीच्या घड्या शेजारच्या भिंतीच्या घड्यांना कोपऱ्यात भेटतात आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

कोपऱ्यातले गणित असे. दोन्ही भिंतींच्या घड्या २ सेंमी खोल आहेत आणि भाता मिटलेला आहे असे धरा. डोंगरघडीची धार कोपऱ्याला बाहेरून वळसा घालते, दरीघडीची आतून. बाहेरच्या धारेला एका कोपऱ्यात २ अधिक २, म्हणजे ४ सेंमी जास्त अंतर जावे लागते. भाता पूर्ण ताणला, घड्या सपाट झाल्या, तर हा फरक शून्य. म्हणजे प्रत्येक उघडमिटीला प्रत्येक घडीच्या कोपऱ्यात ४ सेंमी माल कुठून तरी यायला हवा आणि परत कुठे तरी जायला हवा. पुठ्ठा ताणत नाही. कापडही जवळजवळ नाहीच.

यावर कारागिरांनी दोन वाटा काढल्या. एक पेटीची, एक जुन्या कॅमेऱ्याची.

पेटीची वाट सरळ आहे: कोपऱ्यात पुठ्ठा नकोच. भात्याच्या प्रत्येक घडीत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या असतात. त्या कडक असतात म्हणून भिंत फुगत नाही आणि हाताचा जोर हवेवरच पडतो. पट्ट्या एकमेकींना कापडाने जोडतात, ते कापड म्हणजे बिजागरी. दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक फट सोडावी लागते. फट सोडली नाही तर मिटताना पुठ्ठ्याच्या कडा एकमेकींवर चढतात आणि कापड कडेवर कापले जाते. कोपऱ्याजवळ पट्ट्या तिरप्या कापून आखूड ठेवतात आणि मोकळ्या राहिलेल्या जागेवर पातळ, मऊ कातड्याचा तुकडा चिकटवतात. त्या तुकड्याच्या कडा रापीने तासून आणखी पातळ केलेल्या असतात, म्हणजे सांध्यावर जाडी चढत नाही. वर हिशेब केलेला तो ४ सेंमीचा फरक हे कातडे पोटात घेते. कधी पसरते, कधी सुरकुतते.

घड्या किती असाव्यात? एकच मोठी घडी असलेला भाता बनवायला सोपा, पण मिटताना त्याची बाजूची भिंत खोलवर आत शिरते, आणि घडी जितकी खोल तितका कोपऱ्यातला फरक मोठा. घडी १० सेंमी खोल असेल तर एका कोपऱ्याने २० सेंमी सांभाळायचे. तेच काम सात किंवा नऊ उथळ घड्यांत वाटले की प्रत्येक कातड्यावर थोडे-थोडेच येते आणि भाता मोठा उघडतो. मात्र जितक्या घड्या तितके सांधे, आणि जितके सांधे तितक्या हवा निसटण्याच्या जागा. चांगला कारागीर हा व्यवहार हाताच्या अंदाजाने करतो.

कॅमेऱ्याची वाट जास्त सुंदर आहे. फोटो स्टुडिओत पूर्वी लाकडी प्लेट कॅमेरे असत. त्यांच्या काळ्या भात्यातून हवा नव्हे तर उजेड गळता कामा नये. तो भाता एकाच अखंड कापडाचा असतो, कोपऱ्यात काही कापत नाहीत. मग ते ४ सेंमी जातात कुठे? उत्तरासाठी कागदाची अरुंद पट्टी घ्या आणि ती ४५ अंशांच्या तिरप्या रेषेवर दुमडा. पट्टी काटकोनात वळली. ताण नाही, काप नाही. अशा चार दुमडी घातल्या की पट्टीची चौकट होते. कॅमेऱ्याचा भाता म्हणजे अशा चौकटींची चळत, फक्त सगळ्या चौकटी एकाच कागदात एकमेकींना जोडलेल्या.

हे वाचून कळण्यापेक्षा करून लवकर कळते. अनिल अवचटांनी ओरिगामीची गोडी ज्यांना लावली, त्या मराठी वाचकांच्या घरी कागद नि पट्टी निघायला वेळ लागणार नाही. ३४ सेंमी रुंद, ४० सेंमी लांब असा जरा जाड चित्रकलेचा कागद घ्या. २ सेंमीची एक कड चिकटवण्यासाठी सोडा. उरलेल्या ३२ सेंमी रुंदीत, कागदाच्या लांबीभर, आडव्या रेषा २-२ सेंमीवर आखा. असे २० पट्टे होतील. आता उभ्या, पेन्सिलीच्या फिक्या चार रेषा काढा: डाव्या कडेपासून ४, १२, २० आणि २८ सेंमीवर. हे भात्याचे चार कोपरे. पहिला कोपरा ४ वर घेतला, कारण मग चिकटवण्याची शिवण एका भिंतीच्या मधोमध येते. शिवण कोपऱ्यावर आली तर भाता तिथेच फुटतो.

आता महत्त्वाची पायरी. पहिल्या कोपऱ्याच्या रेषेवर, सगळ्यांत वरच्या आडव्या रेषेपाशी १ सेंमी डावीकडे खूण करा, तिच्याखालच्या आडव्या रेषेवर १ सेंमी उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, असे शेवटपर्यंत. खुणा जोडल्या की ४५ अंशांची नागमोडी रेषा मिळते. दुसऱ्या कोपऱ्याला सुरुवात उजवीकडून, तिसऱ्याला डावीकडून, चौथ्याला पुन्हा उजवीकडून. आता कुठल्याही एका आडव्या रेषेवर नजर फिरवा. चार भिंतींची रुंदी तिथे आळीपाळीने १० आणि ६ सेंमी आलेली दिसेल. बेरीज सगळीकडे ३२ च. युक्ती ती इथेच आहे: एका पातळीवर दोन भिंती बाहेर येतात तेव्हा शेजारच्या दोन आत जातात, त्यामुळे त्या पातळीवरचा वळसा लांबतही नाही, आखडतही नाही.

सगळ्या रेषा बोथट टोकाने, कागद न फाडता, दाबून घ्या. निकामी बॉलपेन त्यासाठी उत्तम. घड्यांचा नियम असा: भिंत जिथे ६ सेंमीची आहे तिथे डोंगरघडी, जिथे १० ची आहे तिथे दरीघडी. एकाच आडव्या रेषेवर कोपरा ओलांडला की डोंगराची दरी होते. कोपऱ्यांच्या नागमोडी रेषा मात्र सगळ्या डोंगरघड्या. आधी आडव्या घड्या दोन्ही बाजूंनी मोडून सैल करा, मग तिरप्या मोडा, मग शिवण चिकटवा आणि एका टोकापासून बोटांनी चिमटत एकेक चौकट बसवत जा. पहिल्या दोन-तीन चौकटी त्रास देतात. पुढच्या आपणहून रांगेला लागतात.

मिटलेला भाता बाहेरून १० सेंमीचा चौरस दिसतो, कोपरे छाटलेला, मध्ये ६ सेंमीचे भोक. कागद पाव मिलिमीटर जाड असेल तर बाजूंवर २० थरांचे ५ मिमी होतात, पण कोपऱ्यात कागद दुहेरी पडतो म्हणून तिथे १० मिमी. भात्याचे कोपरे फुगीर दिसतात ते यामुळे, आणि म्हणूनच कॅमेऱ्याचा भाता बनवणारे लोक कापड पातळातले पातळ शोधत. ताणताना ४० सेंमी पूर्ण गाठायला जाऊ नका. घड्या सपाट झाल्या की त्यांना परत कुठे जायचे ते आठवत नाही.

आता हा भाता अर्धवट उघडा आणि कोपऱ्याजवळच्या तुकड्यांवर बोट ठेवा. कागद सपाट राहिलेला नसतो, किंचित वाकलेला असतो. ही कामातली कसर नव्हे. ४५ अंशांची दुमड पट्टीला बरोबर ९० अंशांनी वळवते ती पूर्ण मिटल्यावर. अर्धवट उघड्या स्थितीत ती त्याहून कमी वळवू पाहते. चार कोपऱ्यांची बेरीज मग ३६० अंश होत नाही, चौकट बंद व्हायला नको म्हणते. पण शिवण तर आपण चिकटवलेली आहे. कागदाला वाकावे लागते.

हा प्रश्न फक्त या एका घडीचा नाही. गणितात तो फार मागे जातो. फ्रान्सच्या कोशीने १८१३ मध्ये दाखवले की कडक सपाट फळ्या बिजागऱ्यांनी जोडून बनवलेला, कुठेही आत न वळलेला बंद घनाकार मुळी हलतच नाही. आत वळलेला चालत असेल तर हलेल का, यावर पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट कॉनेली यांनी हलणारा एक घनाकार शोधला. मग चमत्कार दिसला: तो हलतो, पण हलताना आतले घनफळ तसूभरही बदलत नाही. असे नेहमीच होते का? होते. रशियाचे सबितोव्ह यांनी हे सिद्ध केले आणि कॉनेली, सबितोव्ह व आंके वाल्झ यांच्या १९९७ च्या निबंधात त्याची अधिक व्यापक सिद्धता आली. गणितज्ञ या सिद्धान्ताला भात्याचेच नाव देतात.

त्याचा अर्थ व्यवहारात असा निघतो. फळ्या अगदी कडक, बिजागऱ्या अगदी अचूक, कुठेही ताण नाही की वाक नाही, असा निर्दोष भाता बनवला तर त्यातून फुंकरभर हवासुद्धा निघणार नाही. झडपेचे भोक ठेवून उपयोग नाही, कारण भोकामुळे फळी काही लवचीक होत नाही. खरा भाता चालतो तो त्यातल्या मऊपणावर: कॅमेऱ्यात कापडाच्या वाकण्यावर, पेटीत कोपऱ्यातल्या कातड्यावर. पुठ्ठा भात्याला आकार देतो, हवा हलवण्याची मुभा कोपरा देतो. कोपऱ्याची दुरुस्ती ‘वरवरचे ठिगळ’ समजून करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

गोल नळीची गोष्ट थोडक्यात. कागदाची नळी वरून दाबली तर ती पत्त्यांतल्या चौकटीसारख्या तुकड्यांत चुरगळते. जपानच्या योशिमुरा यांनी हा नमुना अभ्यासला म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. दाबता-दाबता पीळ दिला तर तिरप्या घड्या पडतात, तो नमुना क्रेसलिंग यांच्या नावाचा. शीतपेयाच्या वाकणाऱ्या नळीतल्या वळ्या जोसेफ फ्रीडमन या अमेरिकी माणसाने शोधल्या, त्याचे पेटंट १९३७ चे. कॅमेऱ्याच्या भात्याच्या कोपऱ्यात आपण जी नागमोडी घडी घातली, तीच सपाट कागदभर पसरवली की कोर्यो मिउरा यांची घडी होते. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानी उपग्रहावर सौर पत्रे त्या घडीने मिटून नेले होते.

धातूच्या भात्याचे काम अगदी निराळे, पण ओळखीचे. भंडाऱ्याजवळ वरठीला पोलादाचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत गरम वायू वाहून नेणाऱ्या लांबलचक नळ्या असतात. १० मीटरची पोलादी नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे ३६ मिमी लांबते. तिला दोन्हीकडून जखडून ठेवले तर ती वाकेल किंवा जोड तोडेल, म्हणून अशा नळ्यांमध्ये पातळ पत्र्याचा वळ्यांचा तुकडा बसवतात. त्या वळ्या दुमडून पाडत नाहीत. पातळ नळीत पाण्याचा जबर दाब देऊन ती साच्याच्या खाचांत फुगवतात. पत्रा ताणला जातो, त्यामुळे कोपऱ्याचा प्रश्नच उरत नाही. कागदाला आणि पुठ्ठ्याला ही सोय नाही.

पेटीकडे परत येऊ, कारण मंडईचे दिवस थांबत नाहीत. तळ्यांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात पावसाळ्याची ओल घरात मुरते. पुठ्ठा ती शोषून फुगतो, सरस सुटतो, कापडावर बुरशी येते. मग वैशाखातले ऊन कातडे वाळवते. पिठाची खळ वापरली असेल तर कसर आणि उंदीर दोघेही येतात. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात ते एवढ्यासाठीच. भाता तपासायचा तर एकही पट्टी न दाबता आणि सगळे खटके बंद ठेवून हवा भरा. चांगला भाता चार-सहा दाबांत जड होतो आणि जड राहतो. सहज मिटत राहिला तर हवा कुठेतरी जाते आहे. पेटलेली उदबत्ती कोपऱ्यांजवळून, पेटीपासून जपून, हळूहळू फिरवा. धूर जिथे एकदम बाजूला उडतो तिथे गळती.

दुरुस्ती करताना दुकानदार रेक्झिन सुचवील. ते स्वस्त असते, चकचकीत असते आणि पहिले वर्षभर चांगले वागते. नंतर घडीवर तडकते. कोपऱ्याला कातडेच लावून घ्या, तेही पातळ. जाड कातडे बळकट दिसते पण भात्याला मिटू देत नाही. आणि हे काम दसऱ्याच्या आधी करून घ्या. सरस वाळायला वेळ लागतो, आणि मंडईच्या आदल्या दिवशी पेटी घेऊन येणारे तुम्ही एकटेच नसता.